एकनाथ सरांचा तापलेला हिमालय

हिमालयाखाली तीस किलोमीटरवर किती तापमान असेल, हे एकनाथ सरांना झोपेतून उठवून विचारा, लगेच सांगतील. स्टाफरूमचा पंखा कुठल्या बटणाने लागतो, हे मात्र वीस वर्षांत त्यांना कळलं नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. बर्फ पाहिला तो रसवंतीवर. असा माणूस पीएचडीला हिमालय घेऊन बसला.

का, म्हणून विचारलं तर सांगायचे, "आपला दगुड म्हातारा, कवाच निवलेला. हिमालय तरणा हाय. अजून वर येतोय, आन् येताना खालची ऊब संगं घिऊन येतोय. किती, त्ये काढायचं."

हे गणित कॉम्प्युटरवर चालायचं. कॉम्प्युटर तापतो म्हणून सरांच्या संशोधन प्रकल्पातून त्याच्या खोलीला एसी मिळाला. माणसं तापतात याची दखल घेणारी योजना अजून निघायची आहे. मे महिन्यात दुपारी पेपर तपासायच्या नावाखाली सगळा स्टाफ तिथे येऊन पेंगायचा. त्यात पहिला मी, मल्लेश, भूगोलाचा मास्तर. प्रकल्प संपला की एसी आपल्या केबिनला, हे प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे सरांचं उत्तर चुकलं की आम्ही तोंडाने हळहळायचो आणि मनात पेढे वाटायचो.

उत्तर दर वेळी चुकायचंच. हिमालयात भोकं पाडून खरे मोजलेले आकडे छापून आले होते. सरांचं गणित त्यांच्यापेक्षा चाळीसेक अंश जास्त दाखवायचं. सर बिचारे खडकातली उष्णता कमी करून बघायचे, डोंगर वर येण्याचा वेग बदलायचे, पावसापाण्याची झीज बदलायचे. एक जुळलं की दुसरं बिघडायचं. अशी अकरा वर्षं गेली. घरी दुर्गावहिनींनी "झालं का?" विचारणं सोडून दिलं. निवृत्त होईन तो डॉक्टर होऊनच, एवढा एकच हट्ट या माणसाने जन्मात धरला होता.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी मला झोप लागेना. सर परीक्षेच्या ड्युटीवर गेले होते. चाळा म्हणून मी गणितात घातलेल्या आकड्यांची पडद्यावरची यादी वाचत बसलो. त्यात एक रकाना होता, जमिनीवरच्या तापमानाचा. हिमालयात तिथे शून्याच्या आसपासचा आकडा हवा. सरांनी घातला होता बेचाळीस. काम सुरू केलं त्या दिवशी खिडकीबाहेर होता तोच. पुढे त्यांनी तो रकाना उघडलाच नाही. बाहेर बेचाळीस आहे यात सोलापूरच्या माणसाला तपासण्यासारखं काय वाटणार?

मी सांगणार होतो, अगदी खरं. म्हटलं, एवढा मे जाऊ दे. जूनमध्ये राहून गेलं. पुढच्या वर्षी परत मे आला.

यंदा मार्चमध्ये विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदत संपली आणि सरांची नोंदणी रद्द झाली. त्या दिवशी ते डबा न खाता घरी गेले. निवृत्तीला आठ दिवस उरले, तेव्हा खोली सोपवायची म्हणून सगळी यादी कागदावर छापून वाचायला बसले आणि तो बेचाळीस त्यांना दिसला. तिथे शून्य टाकून गणित पुन्हा लावलं. सगळे आकडे जुळले.

"मल्लेश, बघ की. आपल्या मे म्हैन्याचं ऊन हिमालयाच्या डोक्यावर वतलं मी." सर हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तोच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माझंच डोस्कं कमी, आसं वाटून लई लागलं आसतं बघ जिवाला. पर तुज्यावानी हुशार मानूस रोज शेजारी बसूनबी त्याला दिसलं न्हाय. मग माझं एकट्याचं काय चुकलं? व्हय का न्हाय?"

"व्हय सर," मी म्हणालो.