डॉल्फिनच्या तेलाची बाटली

तेरच्या आठवडी बाजारात तो बाभळीखाली पोतं अंथरून बसतो. लाल झाकणाच्या बाटल्या मांडतो, आणि गुडघा धरून चालणारी बाई दिसली की आवाज उतरवून म्हणतो, "डॉल्फिनचं तेल हाय, मावशी. कोकणातनं आणलंय, लई गुणाचं." मी दिसले की मात्र बाटल्यांवर पंचा टाकतो.

माझ्या आईनंही त्याच्याकडून एक बाटली घेतली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही प्राणिशास्त्रातली. मी त्याला सरळ विचारलं, "डॉल्फिन मारणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? पिलाला दूध पाजणारा जीव आहे तो."

तो हसला. "ताई, तुमी शिकलेल्या. तुमच्यापासनं काय लपवायचं? करडीचं तेल हाय. एक जीव मेला न्हाय." मग आपल्या पिशवीतली बाटली काढून त्यानं भाकरीवरच्या चटणीवर धार धरली आणि मिटक्या मारत खाल्लं. मला बरंच वाटलं. फसवणूक परवडली, शिकार नको.

घरी येऊन आईची बाटली उघडली, तर मासळीसारखा उग्र वास आला. आई गुडघे उघडे टाकून बसली होती. "अगं, लावू का नको, एकदाचं सांग."

पुढच्या बाजारी तो जेवत असतानाच मी ती बाटली त्याच्यापुढं ठेवली. "आज चटणीवर यातलं घ्या."

त्यानं लाल झाकणाकडं पाहिलं. उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधली आणि म्हणाला, "पोट भरलं, ताई."