आतोबांचा पूर्वपक्ष

काशीत आजवर जेवढे वाद झाले असतील त्या सगळ्यांत, समोरच्याची बाजू समोरच्यापेक्षा चांगली मांडून स्वतःच चीत होणारा पंडित एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. दूधविनायकाच्या गल्लीत राहायचे, पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवायचे आणि त्या शास्त्राची शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. शास्त्रार्थाची रीत अशी की आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग त्याचं खंडन करायचं आणि शेवटी आपला सिद्धांत सांगायचा. इतर शास्त्रीमंडळी या पूर्वपक्षाचं एक गवताचं बुजगावणं उभं करतात आणि टिचकीने पाडतात. आतोबांना ते अधर्मासारखं वाटे. ते आपल्या पूर्वपक्षाला दूध-बदाम चारून, तालमीत घुमवून पैलवान करीत, आणि मग त्याच्याशी कुस्ती धरायची पाळी त्यांच्यावरच येई.

पाठशाळेत हे ठीक होतं. तिथे विद्यार्थी संध्याकाळपर्यंत बसून राहात, पैलवान पडेपर्यंत. पण आतोबा हीच रीत घेऊन बाजारात जात. भाजीवालीने परवलाचा भाव चढा सांगितला की ते आधी तिची बाजू मांडीत. बाई पहाटे गंगापारहून निघते, नावाड्याला पैसे मोजते, पाटी डोक्यावर घेऊन घाट चढते, दिवसभर उन्हात बसते, घरी लेकरू वाट बघतं. हे सगळं ते इतकं कळवळून सांगत की शेजारची गिऱ्हाइकं निमूटपणे तिने सांगितलेला भाव देऊन चालू लागत, आणि भाजीवाली स्वतः डोळ्यांना पदर लावी. खंडन ऐकायला मागे कुणीच उरत नसे. घरी आमटी अळणी झाली तरी तेच. मीठ कमी असण्याचे फायदे, त्यामागे आत्याचा असू शकणारा विचार, ऋतुमान, प्रकृती असं सगळं सांगून ते ‘तथापि’पर्यंत येत, तोवर बाकीच्यांचा ताकभात झालेला असे आणि आत्याने मिठाची वाटी त्यांच्या पानाशी केव्हाच आणून ठेवलेली असे. गल्लीत आडवा बसलेला सांड उठत नसला, तर खोळंबलेल्या विद्यार्थ्यांना ते सांडाचा त्या जागेवरचा हक्क समजावून देत. सांड हे शांतपणे ऐकून घेई. ही खोड इतकी नडूनही एकदा चांगली फळली. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी वरपक्षाच्या मागण्या इतक्या योग्य ठरवून दाखवल्या, की वराचे वडील ओशाळले आणि त्यातल्या निम्म्या त्यांनी आपण होऊन सोडल्या. आतोबा मात्र पुढे कित्येक दिवस हळहळत होते, की त्या गृहस्थांनी खंडन करूच दिलं नाही.

त्यांचं घर चार मजल्यांचं, दगडी. खालचा मजला त्यांच्या आजोबांनी बांधला, वरचे वडिलांनी चढवले, आणि जागा कमी पडली तेव्हा मधल्या चौकावरही एक खोली घातली. ती आतोबांची अभ्यासाची. या घरात आत्या आणि आतोबा धरून माणसं दोन, आणि काशीवासाला आलेल्या म्हाताऱ्या विचारू नका. कुणी साताऱ्याच्या, कुणी नाशिकच्या, कुणी नागपूरकडच्या. उरलेलं आयुष्य काशीत काढायचं आणि काशीतच डोळे मिटायचे, एवढाच त्यांचा संकल्प. जिला कुठे थारा मिळत नसे ती विचारत विचारत आत्याच्या दारात येई, आणि आत्या एकीची वळकटी सरकवून दुसरीची पसरायला जागा करी. या बायकांची मरणाची तयारी मोठी मजेची होती. आधी नंबर कुणाचा यावर त्या भांडत. वाईच्या काकू सगळ्यांत जुन्या. मी शाळेत होतो तेव्हा त्या मरायला आल्या, आणि मी शाळेत मास्तर झालो तरी त्या ठणठणीत होत्या. नजर तेवढी गेली होती. “विश्वनाथ विसरला हो मला,” असं त्या हसत हसत सांगत.

अशात शहरसुधारणेची योजना आली. त्या वेळी गोऱ्या साहेबाचं राज्य होतं, पण शहराचा कारभार बराचसा आपल्याच लोकांच्या बोर्डाकडे आला होता, आणि बोर्डाने एक कमिटी नेमली होती. कमिटीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब, आणि तिचा सगळा भार लखनौकडून आलेल्या एका तरुण इंजिनिअरवर. माणूस चांगला होता. गल्ल्यांतून नाकाला रुमाल न लावता हिंडायचा. योजना अशी की अरुंद गल्लीत दोन मजल्यांपेक्षा उंच घर नको, एका खोलीत ठरावीक जागेमागे एकच माणूस, आणि जास्तीच्या माणसांना वरुणेपलीकडच्या मोकळ्या जमिनीवर नवी घरं.

कागदावर यात वावगं काही नव्हतं. पण काशी म्हणजे वरुणा आणि अस्सी या दोन नद्यांच्या मधली भूमी. वरुणेपलीकडे मरणं आणि साताऱ्यात मरणं त्या बायकांच्या लेखी सारखंच. घरदार, लेकीसुना, गाव सोडून त्या ज्यासाठी आल्या होत्या तेच हातचं जाणार होतं. गल्लीत नुसता हलकल्लोळ झाला. हरकती ऐकायला कमिटी बसणार होती, आणि गल्लीने एकमताने आतोबांना पुढे केलं. एवढा मोठा नैयायिक आपल्यात असताना दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं तरी कशाला, असं सगळ्यांना वाटलं. आत्याने तेवढं मला बाजूला घेऊन विचारलं, तिथे वेळ किती देतात?

मी बरोबर गेलो होतो. आतोबा पगडी घालून, शालजोडी पांघरून उभे राहिले आणि बनारसी हिंदीत बोलू लागले. काय बोलले म्हणून सांगू. आमच्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, म्हणाले. खालच्या खोल्यांत वारा कसा तो वर्षानुवर्षं शिरलेला नाही. हिवाळ्यात एक म्हातारी खोकली की भिंतीपलीकडची खोकते आणि चौथ्या मजल्यापर्यंत खोकला चढत जातो. कॉलऱ्याच्या साथीत एका दारातून तो शेजारच्या दारात कसा गेला हे त्यांनी डोळ्यांपुढे उभं केलं. जिन्यावरून तिरडी आडवी उतरत नाही म्हणून मेलेल्या माणसाला उभं करून खाली आणावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. इंजिनिअरसाहेबांनी लिहिणं थांबवलं होतं. आपली योजना इतकी थोर आहे हे त्यांना त्या दिवशीच कळत असावं. आतोबांनी श्वास घेतला, शाल सावरली, ‘तथापि’ म्हणायला तोंड उघडलं, आणि अध्यक्षांनी घंटी वाजवली.

“पंडितजी,” वकीलसाहेब भारावून म्हणाले, “आपने तो हमारी बात हमसे अच्छी कह दी। कमेटी आपकी आभारी है।”

आतोबा सांगू लागले की अभी तो आरंभ हुआ है, पण तोवर पुढच्या माणसाचा पुकारा झाला होता. दूधविनायकाच्या गल्लीचा योजनेला मनापासून पाठिंबा असल्याची नोंद झाली. बाहेर आल्यावर आतोबा मला म्हणाले, “अरे, खंडनाला अवसरच दिला नाही त्यांनी. ही कुठली सभेची रीत?”

गल्लीत मग त्यांची जी काही शोभा झाली ती विचारायची सोय नाही. पानवाल्याने त्यांना बोर्डाचे वकील ठरवलं. पाठशाळेतले इतर शास्त्री नाक्यावर त्यांना गाठून पुढच्या पूर्वपक्षाची चौकशी करू लागले. आतोबांना त्या चेष्टेचं काही वाटलं नाही. त्यांना खाली चौकात यायची चोरी झाली ती म्हाताऱ्यांमुळे. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. शेवटी वाईच्या काकूच चाचपडत जिना चढून त्यांच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

“शास्त्रीबोवा, तुम्ही खोटं काय सांगितलंत? अंधार आहेच की इथं,” त्या म्हणाल्या. “पण मला तसंही कुठं दिसतंय? मला काशीत राहू द्या म्हणजे झालं.”

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच आतोबांपुढे असा पूर्वपक्ष आला होता ज्याचं खंडन करायची त्यांची इच्छा नव्हती. आणि गंमत अशी की दुसरीकडे, सभेत स्वतःच मांडलेला पूर्वपक्षही त्यांना आता सोडत नव्हता. खोकला खरा होता, तिरडी खरी होती. त्यांना हातात दिवा घेऊन भर दुपारी खालच्या खोल्यांतून फिरताना आत्याने पाहिलं.

कमिटीची आणखी एक बैठक होती. आतोबांना तिथे पुन्हा वेळ मिळाला तो इंजिनिअरसाहेबांच्या कृपेने. असा भक्कम समर्थक पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून त्यांनीच बोलावणं धाडलं. पण आतोबा जायला तयार होईनात. पूर्वपक्षाशिवाय उत्तर देता येत नाही, आणि पूर्वपक्ष घंटीच्या आत संपत नाही. हा पेच आत्याने सोडवला. ती पोळ्या लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, “अहो, पूर्वपक्ष झालाय ना मागच्या खेपेला मांडून? मधे सभेला जेवणाची सुट्टी झाली असं समजा. आता उरलेलं बोलून या.”

आतोबा तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं न्याय शिकवून ही तोड त्यांना सुचली नव्हती.

त्या दिवशी ते उभे राहिले आणि पहिलाच शब्द बोलले, ‘तथापि’. कमिटी चपापली. मग त्यांनी सांगितलं की मागे जे बोललो त्यातलं अक्षरही मागे घेत नाही. घरात अंधार आहे, म्हणून उजेड आत आणा, माणसं बाहेर काढू नका. चौकांवर जे चढवलंय ते उतरवा, वरून खालपर्यंत वारा येऊ द्या. ज्या बायका काशीत मरायला आल्या आहेत त्यांना काशीत मरू द्या. इंजिनिअरसाहेबांचा चेहरा उतरला होता, पण ते सरळ मनाचे होते. त्यांनी एवढंच विचारलं की आपल्या हाताने आपलं घर कमी करणारा मालक या शहरात कोण मिळेल?

“पहला मैं,” आतोबा म्हणाले.

म्हणजे अभ्यासाची खोली गेली. आत्याला विचारलेलं नव्हतं. घरी परतताना बिचारे तिच्या बाजूने काय काय म्हणता येईल याची जुळवाजुळव करीत होते. दारात तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोथ्या माझ्या खोलीत ठेवा. तुम्हीही तिथेच बसा. जरा वारा येतो तिथे.”

कमिटीने ते मानलं, मोकळ्या चौकाच्या घरांना मजल्यांचा नियमही सोडला, पण एक अट घातली. आहेत त्या बायका राहतील, मात्र एक गेली की तिच्या जागी दुसरी घ्यायची नाही, घर नियमात बसेपर्यंत. इंजिनिअरसाहेबांचं म्हणणं होतं की नाहीतर अंधार पुन्हा भरेल, आणि हे आतोबांना पटलं. त्यांना समोरच्याचं नेहमीच पटत आलं होतं.

खोली उतरवली तेव्हा खालच्या चौकात ऊन आलं. माझ्या आत्याने लग्न होऊन आल्यापासून ते तिथे पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या त्या उन्हात पाय पसरून बसत, जागेवरून भांडत, आणि आतोबा मधे बसून दोघींच्याही बाजू मांडीत. वाईच्या काकूंना दिसत नसे, पण पाठीला कळे. ते दिवस फार सुखाचे गेले. आतोबांना मी इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्यावर माझा इतका जीव आहे हेही मला तिथेच, त्या गोतावळ्यात बसून कळलं.

मग विश्वनाथाला एकेकीची आठवण होऊ लागली. वाईच्या काकू कार्तिकात गेल्या, दुपारी, उन्हातच. मग नाशिकच्या, मग दुसऱ्या. प्रत्येकीला आतोबांनी खांदा दिला, प्रत्येकीला मणिकर्णिकेवर पोचवलं. त्या ज्यासाठी आल्या होत्या ते त्यांना मिळालं. दारात अजूनही कुणी कुणी वळकटी घेऊन येई. आत्या त्यांना पाणी देई, जेवू घाली, आणि ब्रह्माघाटाकडच्या दुसऱ्या मराठी घरांकडे पाठवी.

इंजिनिअरसाहेबांची बदली झाली तेव्हा ते निरोप घ्यायला आले. मी तिथेच होतो. त्यांनी घर वरपासून खालपर्यंत पाहिलं, झाडून स्वच्छ केलेल्या खोल्या पाहिल्या, प्रत्येक दारातून आत येणारा वारा पाहिला, आणि मनापासून म्हणाले की साऱ्या शहरात नियमाप्रमाणे असं घर दुसरं नाही. मग विचारलं, “अब तो सब ठीक है न, पंडितजी?”

मी आणि आत्या पूर्वपक्षाची वाट बघू लागलो. घर किती मोकळं झालं, खोकला कसा थांबला, हे सगळं आता येणार होतं. आतोबांनी त्या रिकाम्या चौकाकडे पाहिलं.

“मन नहीं लगता, साहब,” ते म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

आत्याने दुधाचा पेला दिला तो घेऊन इंजिनिअरसाहेब आतोबांच्या शेजारी दगडी पायरीवर बसले, आणि चौकातलं ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत दोघं तिथेच बसून होते.