बोराच्या बिया आणि आक्कांची झोप

फोन आला तेव्हा मी रात्रीच्या वरणाला फोडणी देत होते. चाकणजवळच्या आमच्या गावाहून शेजारच्या मंदाकाकू बोलत होत्या. "वैशाली, आक्का उठंना झाल्यात गं." आणि मी चक्क खुशीत म्हणाले, "मग झोपू द्या की त्यांना!" काकू रडायलाच लागल्या. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. महिना उलटून गेला, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. ते तोंडून का निघालं, हे आक्कांची गोष्ट ठाऊक असल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेल्यावर त्या लेकीला घेऊन माहेरी परतल्या, एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागल्या, लेकीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. त्या सगळ्या धकाधकीत पाठ टेकली की झोपायच्या म्हणे. आणि सगळं मार्गी लागल्यावर झोप उडाली. वाईट दिवसांत शांत झोपणाऱ्या बाईची झोप बऱ्या दिवसांत का जावी? "काय दुख असतं तर समजलं असतं गं, पर तसंबी काय न्हाई," म्हणायच्या. दूध-जायफळ झालं, तळपायाला तेल चोळून झालं. शेवटी मी त्यांना पिंपळे सौदागरला, आमच्या सोसायटीसमोरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मेंदूला जागं ठेवणारी रसायनं असतात तशी शांत करणारीही असतात, त्यातलंच एक गाबा, आणि गोळी त्याचा जोर वाढवते, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"गाभा?" आक्कांनी विचारलं.

"गाबा."

"तेच की. माझा गाभाच हललाय, बाई."

डॉक्टर हसल्या, मीही हसले. आक्का हसल्या नाहीत.

गोळीनं झोप यायची, पण सकाळी डोकं जड. भाजीत मीठ घातलं की नाही, आठवायचं नाही. "ही झोप माझी न्हाई वाटत," त्या म्हणायच्या. त्याच सुमारास कंपनीत नवी मशिनं बसवायला चीनमधून माणसं आली. त्यांत लिन नावाची, आक्कांच्याच वयाची एक इंजिनिअर बाई होती. तिला तिखट सोसेना, म्हणून आक्का तिच्यापुरता मऊ भात वेगळा काढून ठेवायच्या. भाषा येत नसताना दोघींचं जमलं कसं, कोण जाणे. एक दिवस लिनबाईंनी आक्कांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि हातावर गाल टेकून झोपेची खूण केली. आक्कांनी मान हलवली... नाही. पुढे सुट्टीवरून येताना लिनबाईंनी तांबूस, चपट्या बियांची पुडी आणली. कुटायच्या, उकळायच्या, प्यायच्या. "अगं, बोराच्या आठळीतलं बी हाय ते!" आक्कांचा फोन. "जलमभर बोरं खाल्ली आन् औषध थुकून दिलं!"

मी घाबरले. पुडीसकट त्यांना पुन्हा डॉक्टरबाईंपुढे बसवलं. त्या म्हणाल्या, चिनी वैद्यकातलं हे जुनं औषध आहे. तेही मेंदूतल्या त्याच रसायनावर काम करत असावं असं काही संशोधकांना वाटतं, पण छातीठोक सांगण्याइतकं अजून हाती नाही. दोन्ही एकत्र घेऊ नका, गुंगी वाढेल. आधी गोळी हळूहळू कमी करू. लिनबाईंनी मात्र कंपनीतल्या दुभाष्याकडून वेगळंच सांगितलं होतं. मनाचं घर काळजात असतं, रक्त कमी पडलं की मन तिथे ठरत नाही, भटकत राहतं. आक्कांनी दोन्ही ऐकून घेतलं. "दोघीबी खरंच सांगत्यात. पर मेंदू का काळीज, येक कायतरी ठरवा की!"

ते कुणीच ठरवलं नाही. गोळी कमी होत बंद झाली, मग डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली काढा सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत आक्का आणि लिनबाई कँटीनमागच्या उन्हात फेऱ्या मारायला लागल्या. आणि आक्का झोपायला लागल्या. कशानं? काढ्यानं, गोळी सुटल्यानं, की रोज कुणीतरी खुणेनं का होईना, "झोपलीस का?" विचारत होतं म्हणून? मला अजूनही सांगता येत नाही. "वैशे, आज सपान पडलं!" एवढं सांगायला त्यांनी फोन केला होता.

लिनबाई मायदेशी परतल्या. त्यानंतर काही महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून आक्का आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं, असं गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी उरलेली पुडी घेऊन डॉक्टरबाईंकडे धावले. "यानं तर नाही ना?" त्या म्हणाल्या, "मला तसं वाटत नाही. त्यांना ब्लडप्रेशर होतंच." वाटत नाही... म्हणजे नाही, की माहीत नाही? दहाव्याला आलेली माणसं म्हणत होती, झोपेत गेली, नशीबवान. मी मान डोलवायचे आणि मग वाटायचं, इतक्या वर्षांनी हाती लागलेली झोप, तीच त्यांना घेऊन गेली की काय! नशीब ते कोणतं?

मागच्या आठवड्यात आक्कांच्या लेकीनं त्यांचा फोन माझ्याकडे आणून दिला. लिनबाईंचा निरोप आला होता, फोननंच चिनीतून मोडक्यातोडक्या मराठीत आणलेला. 'मोठी बहीण, झोप चांगली आहे?' मी लिहिलं, 'आक्का गेल्या.' लगेच उत्तर आलं.

'कुठे गेल्या?'

'वारल्या' असं लिहून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही.