आज प्रार्थना कोण करणार

मी पनवेलला निघाले त्या सकाळी जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि पप्पांची प्रार्थना काही संपत नव्हती. अंगणात आम्ही गोल करून उभे होतो. आई, आत्या, धाकटा भाऊ दानिएल, आणि मध्ये माझी बॅग. पप्पा गावातले निवृत्त मास्तर. पाळक येऊ शकले नाहीत की आमच्या प्रोटेस्टंट चर्चमधली उपासना तेच चालवत, आणि त्यांनी डोळे मिटले की सगळ्या गावाची हजेरी लागायची. त्या दिवशी त्यांनी रस्ता, ड्रायव्हर, माझं हॉस्पिटल, तिथले पेशंट आणि मी अजून न पाहिलेली भाड्याची खोली, सगळं प्रभूच्या हाती सोपवलं. शेवटी जीपवालाच खाली उतरला, टोपी काढून आमच्यात उभा राहिला आणि आमच्याबरोबर ‘आमेन’ म्हणून मोकळा झाला. निघताना आई म्हणाली, "एकटी जेवायला बसलीस तरी प्रार्थना मोठ्याने कर. मनातल्या मनात केली की लवकर उरकते."

शेवगाव तालुक्यातलं आपलं गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या आणि तिथेच राहिलेल्या माझ्या भावाबहिणींनो, मी ‘फिरले’ ही बातमी तुमच्यापर्यंत पोचलीच आहे. वेगवेगळ्या तोंडून पोचली असेल. आता थोडं माझ्या तोंडूनही ऐका.

तुम्हाला आठवत असेल, आमच्याकडे ताटं वाढली की पप्पा सगळ्यांकडे बघून विचारायचे, "आज प्रार्थना कोण करणार?" आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचे, "एस्तेर, तू कर." दानिएल चिडायचा. मला तो माझा हक्कच वाटायचा. प्रार्थना कशी करायची हे पप्पांनीच शिकवलं होतं: आधी उपकार माना, मग दुसऱ्यांसाठी मागा, स्वतःचं शेवटी.

नवीन पनवेलला मी नर्स म्हणून लागले. भाकरीची सवय सुटून भाताची लागली. उरणहून येणारी मासेवाली दारात बसून मला पापलेट आणि हलवा ओळखायला शिकवायची आणि वर हसायची, "बाय, तुला काटं काढाया पन येत नाय!" रोज संध्याकाळी पप्पांचा फोन यायचा. शेवटी ते फोनवरच प्रार्थना करायचे. ड्युटीवर असले तर मी फोन कानाशी धरून औषधांच्या खोलीत उभी राहायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग आई गेली. साखर वाढलेली होती, पण इतक्या लवकर जाईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. कबरीपाशी पाळक म्हणाले, "आपली बहीण प्रभूजवळ विसावली आहे. तिच्यासाठी आता मागायचं काही उरलं नाही." पप्पांना त्याने धीर आला, मी त्यांचा चेहरा पाहिला. मला मात्र कोणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं रोज रात्री मी आईसाठी मागत होते. तिची साखर, तिचे पाय, तिची झोप. आता तिचं नाव ओठांवर आलं की गिळायचं? पनवेलला परत आल्यावर मी जेवताना प्रार्थना करायचे आणि आईपाशी येऊन अडायचे.

हॉस्पिटलच्या वाटेवर कॅथलिक चर्च होतं. दुपारीही उघडं असायचं. सकाळची ड्युटी संपली की मी मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. कोणी काही विचारत नव्हतं, कोणी काही शिकवत नव्हतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे मृतांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, होती. वसईकडचे फादर मेलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक नावामागून सगळे लोक प्रार्थना करत होते. मिस्सा सुरू होण्याआधी मी घाबरत घाबरत आईचं नाव सांगितलं होतं. ते वाचलं गेलं. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांनी तिच्यासाठी मागितलं. मी इतकी रडले की शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

तेवढ्यावर कोणी कॅथलिक होतं का, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच विचारत राहिले. फादरांनी घाई केली नाही. पुष्कळ महिने शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "वडिलांना माहीत आहे का?" मी म्हटलं, "सांगीन." सांगायचं धाडस होत नव्हतं. पुढच्या ईस्टरला मला स्वीकारलं. पुन्हा बाप्तिस्मा दिला नाही. गावच्या चर्चमधला माझा बाप्तिस्मा त्यांनी मान्य केला. बाहेर आल्यावर एका मंगळुरी मॅडमनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "वेलकम होम!" त्यांचं मन चांगलंच होतं, पण मला राग आला. माझं होम शेवगावकडे होतं. तिथे अजून कोणाला काही माहीत नव्हतं.

कळलं ते आईच्या वर्षाच्या दिवशी. उपकारस्तुतीची भक्ती झाली, पंगत बसली. पप्पा सवयीने म्हणाले, "एस्तेर, तू कर." मी डोळे मिटले. अन्नासाठी उपकार मानले, जमलेल्यांसाठी मागितलं, आणि पुढचे शब्द आपोआप आले: "आणि प्रभो, आमच्या आईच्या आत्म्याला तुझी शांती दे." आमेन म्हणताना कॅथलिकांसारखी क्रुसाची खूण करत हात कपाळाकडे गेला, तिथून छातीवर, खांद्यांवर. डोळे उघडले तेव्हा पप्पा माझ्या हाताकडे बघत होते.

कोणी घास उचलेना. आत्याच आधी बोलली. "आपल्या आज्यानं देव्हारा सोडला, भावकी सोडली, लोकांचे दगड खाल्ले. अन् तू परत मूर्तीपुढं मेणबत्त्या लावती?" मी पप्पांकडे वळून म्हटलं, "मी येशूला सोडलेलं नाही, पप्पा. तुमच्या हातून वाढलेला विश्वास आहे. त्यांनी माझा बाप्तिस्माही मान्य केलाय."

"त्यांनी मान्य करावा म्हणून आपण अर्ज केला होता?" पप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. "तुझी आई प्रभूजवळ आहे. तिच्यासाठी मागणं म्हणजे त्याच्या कामावर शंका घेणं. माझ्या ताटावर ही प्रार्थना पुन्हा व्हायची नाही." मग ते दानिएलला म्हणाले, "तू प्रार्थना कर." एकाच पंगतीला दुसऱ्यांदा प्रार्थना झाली. माझी जणू झालीच नव्हती.

त्या दिवसापासून पप्पांचा फोन येत राहिला, पण शेवटची प्रार्थना बंद झाली. "ठेवतो," म्हणायचे आणि ठेवायचे. मी गावी गेले तर जेवताना दानिएल प्रार्थना करायचा, तो नसला तर त्याची बायको. पनवेलला तळमजल्यावरच्या सुमनताईंना मी हे सांगितलं. त्या इथल्याच, शिरढोणकडच्या. त्यांना काही पटेना. "देव तर त्योच हाय नं? येशूच नं? मंग बापाला एवढा राग कशाचा?" हॉस्पिटलमधल्या मुली तर म्हणाल्या, "तुमच्यातही असतं का असं?" मी हसून वेळ मारून नेली. ज्याला फरक कळत नव्हता त्याला माझं दुःख कळत नव्हतं, आणि ज्यांना फरक कळत होता ते माझ्याशी नीट बोलत नव्हते. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मला तेव्हा एवढंच सुचायचं: जिथे ताट वाढल्यावर ‘आज तू प्रार्थना कर’ असं कोणी म्हणेल ते.

यंदा पप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. बायबल वाचता येईना. दानिएलने त्यांना न विचारताच पनवेलला आणून सोडलं. ते येणार म्हटल्यावर माझी घालमेल सुरू झाली. माझ्या घरी फळीवर मरियेची लहानशी मूर्ती आहे आणि शेजारी आईचा फोटो. मूर्ती कपाटात ठेवावी का? साड्यांमागे जागाही करून ठेवली होती. शेवटी उचलली नाही. लपवली असती तर आत्याचं म्हणणं मीच खरं केलं असतं.

आल्या दिवशी पप्पांना समोरचं माणूस धड दिसत नव्हतं, तर फळी काय दिसणार! ते स्वतःशीच पुटपुटत प्रार्थना करून जेवले, मी गप्प बसून जेवले. ऑपरेशन झालं. त्यांना स्वच्छ दिसू दे म्हणून मी मनापासून मागत होते, आणि दिसल्यावर काय होईल याची भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर मी भात टाकला आणि स्वयंपाकघरातून बघत राहिले. पप्पा काळा चष्मा लावून हळूहळू खोलीभर फिरले. फळीपाशी थांबले. चष्मा काढला. मी पुढे होऊन म्हणणार होते की चष्मा काढायचा नाही, पण दारातच थांबले. बराच वेळ ते तिथे उभे होते. मूर्तीकडे बघत होते की फोटोकडे, मला पाठीवरून कळत नव्हतं.

"हिचा हा फोटो मी किती दिवसांत नीट पाहिला नव्हता," एवढंच म्हणाले आणि चष्मा लावून जेवायला बसले.

मी वाढलं. समोर बसले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "एस्तेर, तू कर."

मी डोळे मिटले. अन्नासाठी उपकार मानले, पप्पांच्या दृष्टीसाठी मानले, डॉक्टरांसाठी, दानिएलच्या घरासाठी, आत्याच्या गुडघ्यांसाठी मागितलं. त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून आईपाशी आले आणि थांबले. हात मांडीवर घट्ट दाबून धरला. आता आमेन म्हणायचं होतं.

"तुझ्या आईचं राहिलं," पप्पा म्हणाले.

मी आईचं नाव घेतलं. तिच्यासाठी मागितलं, मोठ्याने, तिने सांगितलं होतं तसं. हात कपाळाकडे गेला आणि मी तो जाऊ दिला. पप्पांनी आमेन म्हटलं नाही. डोळे पुसायची डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ते तसेच मान वर करून बसले होते. "वाढ आता," म्हणाले, "भात गार होतोय."