मसाल्याच्या डब्यातला मिक्सर

"ऐकू येत नाही! अरे, काहीच ऐकू येत नाही!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, हेडफोन दोन्ही हातांनी दाबून ओरडत होते. बहिऱ्या माणसाचा आवाज काय असतो ते आमच्या जे. पी. नगरला विचारा. अण्णांनी इथून हाक मारली की तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला हेब्बाळच्या तळ्यावरची बदकं उडतात.

त्यांचा उजवा कान कधीच गेला होता. डावाही चालला, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं, "तो जायच्या आत एकदा तिच्याबरोबर वाजवायचंय."

ती म्हणजे आई. आता ती एका कॅसेटपुरती उरली होती. अभंग म्हणतेय, पण मागे ठेका नाही, कारण त्या दिवशी तबलजी रुसला होता. तबलजी म्हणजे अण्णाच.

हेडफोन लावल्याशिवाय आई ऐकू येत नव्हती, आणि लावला की स्वतःचा तबला बुडत होता. दोघांना एकाच हेडफोनात आणायचं तर मिक्सर हवा. मी छाती ठोकून म्हटलं, घरीच करतो! अट एकच, घरातल्या विजेवर चालणारं काही नको. अण्णांच्या कानात आधीच अष्टौप्रहर घूंऽऽ चाललेली, त्यात अ‍ॅम्प्लिफायरची दुसरी घूं कोण ऐकणार? म्हणून सेलवर चालणारे दोन टेपरेकॉर्डर आणले, एक आईसाठी, दुसरा तबल्यापुढच्या माइकसाठी. मधे आईचाच स्टीलचा मसाल्याचा डबा, भोकं पाडलेला.

आधी मी तारा सरळ एकमेकींना जोडल्या. म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे तिसरं कशाला? तर दोन्ही यंत्रं एकमेकांच्या उरावर बसली. आईचा घसा चिरका, तबल्याचं पातेलं.

"अगदी संसारासारखं वाजतंय हो," बायको म्हणाली.

मग दोघांच्या वाटेत प्रवाह अडवणारा एकेक रेझिस्टर घातला. भांडण मिटलं, आणि आवाजही मिटला. बिनविजेचा मिक्सर असाच, कुणाला काही देत नाही, दोघांचंही थोडं थोडं काढून घेतो. रेझिस्टर लहान केले की भांडण परत, मोठे केले की शांतता. शेवटी हट्टाने अ‍ॅम्प्लिफायर लावून पाहिला. आई मोठी झाली आणि घूं तिच्याहून मोठी. अण्णांनी हेडफोन असा भिरकावला की तो हेब्बाळच्याही पलीकडे येलहंक्याला सापडता, बायकोने झेलला म्हणून वाचला.

म्हणून आज पुन्हा तो डबा, आणि पुन्हा ही आरोळी. मी त्यांच्या उजव्या, मेलेल्या कानावरची हेडफोनची वाटी ओढून माझ्या कानाला लावली.

दोन्ही येत होतं. बारीक, पण लख्ख. आई श्वास घेत होती तोसुद्धा.

"येतंय, अण्णा! वाजवा तुम्ही!" मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडलो.

त्यांनी तबल्यावर हात ठेवले आणि वाजवू लागले. आई एकीकडे, ठेका भलतीकडे. ती समेवर आली तेव्हा ते कुठेच नव्हते. बायको ओट्याकडे गेली आणि नळ सोडून उभी राहिली. कॅसेट संपून बटण खटकन वर आलं, तरी अण्णा वाजवतच होते, मान हलवत, कुणाला तरी दाद देत. शेवटी मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आली का ऐकू? थोडी तरी?"

"नाही," ते म्हणाले. "सेल काढून ठेव. गळतात."