चूक झाली तर पुढे चल

प्रोग्रॅम बिघडलाय म्हणून आमच्या ऑफिसातल्या आपांना बोलावलं, की त्या प्रोग्रॅमकडे बघायच्याच नाहीत. तक्रार करणाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "करून दाखव."

समोरचा सांगायला लागायचा, "आपा, काय होतं ना, मी सेव्ह दाबलं की..."

"सांगू नको. तोंडानं सगळे बरोबरच करतात. हातानं कर."

मग तो माणूस घाबरत घाबरत माउस हलवायचा आणि आपा स्क्रीनऐवजी त्याच्या बोटांकडे बघत बसायच्या. निम्म्या वेळा चूक तिथंच सापडायची. उरलेल्या वेळी चष्मा खाली यायचा आणि मग आमची चड्डी उतरायची. 'आमची' म्हणजे बहुतेक वेळा माझी.

आमचं ऑफिस भिवंडीत, धामणकर नाक्यावर, एका साड्यांच्या दुकानाच्या वर. गोदामवाल्यांना आणि यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांना आवक, जावक, शिल्लक यांचे प्रोग्रॅम आम्ही करून द्यायचो, तेही एका जुनाट साधनात. त्याच्या कंपनीनं ते कधीच वाऱ्यावर सोडलं होतं, पण भिवंडीनं सोडलं नव्हतं. कोऱ्या फॉर्मवर बटणं ओढून ठेवायची, बटणावर दोनदा टिचकी मारायची आणि दाबल्यावर काय व्हावं ते मागच्या खिडकीत लिहायचं. बटणं ओढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या बटणांना रंग होते, सावल्या होत्या, ऐटदार अक्षरं होती. दाबल्यावर काही व्हायचं नाही, एवढंच.

ते का होत नाही हे शोधायची माझी एक खास रीत होती. कोडमध्ये जागोजागी छोट्या खिडक्या पेरायच्या: 'इथवर आलो', 'इथंही आलो', 'आता बोंबल'. जी खिडकी उगवणार नाही, तिच्या आधी घोटाळा. रीत चांगली होती. फक्त माल गिऱ्हाइकाला देताना खिडक्या काढायच्या असतात, हे मी एकदा विसरलो. अंबाडी गावच्या एका व्यापाऱ्यानं नवा प्रोग्रॅम सासऱ्यांच्या हस्ते सुरू करवला. म्हाताऱ्यानं नारळ फोडला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं, 'आता बोंबल'. आपांनी ते ऐकलं आणि टेबलावर डोकं टेकून हसल्या. मग म्हणाल्या, "म्हात्रे, तुझा एकच प्रोग्रॅम गिऱ्हाइकाशी खरं बोलला."

आपा भिवंडीतल्याच, निजामपुऱ्यातल्या. जुनं कोकणी मुसलमान घर, वडिलांचे खालच्या मजल्यावर लूम. पुढे ते लूम भंगारवाल्यानं वजनावर नेले, पण आपांच्या बोलण्यातून ते कधी गेले नाहीत. "आडवा धागा तुटला की लूम आपणहून थांबतो," त्या सांगायच्या. "आवाज बंद झाला की अब्बा जेवणावरून उठायचे. ज्या लूमचं हे थांबणं बिघडलंय, त्याला ते शिव्या घालायचे. कारण तो चालत राहतो. कापड पुढे सरकतं, पण आत धागाच नसतो."

हे त्या आम्हाला उगीच सांगत नव्हत्या. आमच्या त्या साधनात एक ओळ होती: ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. अर्थ असा, की चूक झाली तर बोलू नको, पुढे चल. ही ओळ वर टाकली की प्रोग्रॅम कधी अडकत नाही, लाल फुलीची खिडकी येत नाही, गिऱ्हाइकाचा फोन येत नाही. आमच्या शेठचा तिच्यावर फार जीव. हुकूमच होता, की प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर ती ओळ पाहिजे. एरर दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब आहे.

"आणि दिसला नाही तर माल चांगला होतो का?" आपा विचारायच्या.

"आपा, धंदा करायचाय की मदरसा चालवायचाय?" शेठ म्हणायचा. आपा आपल्या फॉर्ममधून ती ओळ काढायच्या, शेठ माल जाण्याआधी परत टाकवून घ्यायचा. घड्याळाच्या काट्यांसारखं हे चालायचं आणि आम्ही चहा पीत बघायचो.

अशात निजामपुऱ्यातल्याच एका कापडाच्या गोदामातून फोन आला. कॉम्प्युटर सांगतोय तेवढे तागे आत नाहीत. आज नाही, गेले कित्येक दिवस नाहीत. किल्ली एकाच माणसाकडे होती, रामसुमेर नावाच्या. उत्तर प्रदेशातून आलेला, गोदामातच राहणारा, तागे लावणं आणि उतरवणं करता करता म्हातारपणाकडे झुकलेला. मालकानं गल्लीतल्या सगळ्यांसमोर त्याची पेटी उपसली होती. पेटीत तागा मावत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. फोन आम्हाला केला होता तो चूक शोधायला नव्हे. चोरीचा पक्का आकडा छापून हवा होता.

शेठनं छपाईसाठी मला पाठवलं. आपा म्हणाल्या, "मी पण येते." रिक्षात माझ्या बडबडीलाही त्यांनी टोमणा मारला नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

गोदामात गेल्यावर त्या नोंदी करणाऱ्या कारकुनाशेजारी बसल्या. चष्मा कपाळावर. "करून दाखव."

कारकून जावक नोंदवू लागला. पार्टीचं नाव, तागे, मीटर, गाडी क्रमांक. टेम्पो होता, नंबर घातला, सेव्ह दाबलं, 'नोंद झाली' अशी हिरवी पट्टी आली. दुसरा टेम्पो, तेच. तिसरा माल हातगाडीवर निघाला होता, कारण त्या गल्लीत टेम्पो शिरतच नाही. कारकुनानं गाडी क्रमांकाचा रकाना मोकळा सोडला आणि सेव्ह दाबलं. 'नोंद झाली.'

"थांब," आपा म्हणाल्या. "नंबर का नाही टाकलास?"

"आपा, हातगाडीला कसला नंबर? टाइम असला तर 'हातगाडी' लिहितो. गर्दी असली की सोडतो."

चष्मा खाली आला. शिल्लक उघडली. ते तागे तसेच. डोळ्यांदेखत दारातून बाहेर गेलेला माल कॉम्प्युटरमध्ये आतच होता.

आपांनी लॅपटॉप उघडला आणि कोड एकेक ओळ चालवला. चालू ओळ दाखवणारी पिवळी पट्टी खाली खाली सरकत गेली. आम्ही गाडी क्रमांक सक्तीचा ठेवला होता. रकाना मोकळा असला की नोंद आत जायचीच नाही. चूक उठायची, पण डोक्यावर ती ओळ होती. चूक झाली तर पुढे चल. पुढची ओळ हिरव्या पट्टीची. निजामपुऱ्यात अर्धा माल हातगाडीवर हलतो, हे नाक्यावर एसीत बसून फॉर्म काढणाऱ्या आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

मी शेठला फोन लावला. तो म्हणाला, "व्हायरस होता म्हणून सांग." फोन स्पीकरवर होता आणि गोदामाचा मालक शेजारीच उभा होता. फोन स्पीकरवर राहणं ही माझी जन्मखोड आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा कोणाला उपयोग झाला.

आपा मालकाकडे वळल्या. "व्हायरस नाही. प्रोग्रॅम आमचा, चूक आमची. तुमच्या माणसानं काही नेलं नाही. त्याला बोलवा."

मालक वाईट नव्हता. तो फक्त अवघडला. "तो तर गावी गेला, आपा. मीच गाडीत बसवला. आता दुसरा ठेवलाय." मग म्हणाला, "आणि आता बोलावलं तर गल्लीत माझं काय राहिलं?"

कारकुनाकडे रामसुमेरचा नंबर होता. आपांनी स्वतः लावला. "रामसुमेर भाई, आपकी गलती नहीं थी. कम्प्यूटर की थी. हमारी थी."

पलीकडे कुठली तरी शेळी ओरडत होती. मग तो म्हणाला, "मैडम, यहाँ सबको मालूम हो गया है. कम्प्यूटर ने बोला था ना. आप बोलेंगी तो कौन मानेगा? कम्प्यूटर से ही कहलवा दीजिए."

त्यानं फोन ठेवला. नंतर तो नंबर कधी लागला नाही.

आपा परत लॅपटॉपसमोर बसल्या. ती ओळ काढली. तिच्या जागी एक खिडकी लिहिली, माझ्याच रीतीची: 'नोंद झालेली नाही. गाडी क्रमांक रिकामा आहे. माल कमी दिसला तर गोदामातल्या माणसाचा दोष नाही.' शेवटचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या अनावश्यक आहे, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून चहा सांगायला गेलो.

दुसऱ्या दिवशी शेठनं त्यांना "आराम करा" म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. चष्म्याचं घर उचललं, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेल्या. निरोप समारंभ नाही, केक नाही. त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटरचे कागद असतात.

आता आम्ही ब्राउझरमध्ये चालणारे प्रोग्रॅम करतो. भाषा नवी आहे. चूक गिळायची सोय तिच्यातही आहे, आणि शेठचा तिच्यावरही तितकाच जीव आहे. आपा घरीच असतात, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. कधी गेलो तर चहा देतात, माझ्या ताज्या फजितीवर पोटभर हसतात आणि निघताना दारात विचारतात, "ती खिडकी येते ना अजून?"

"येते, आपा," मी सांगतो. खोटं नाही ते. त्या गोदामाच्या मालकानं जुना प्रोग्रॅम बदललेला नाही.

परवाच तिथं प्रिंटर बघायला गेलो होतो. कारकून नवा आहे, आमच्या गावाकडचा पोरगा. मला बघून म्हणाला, "दादा, ही एक खिडकी सारखी मधी येतं. कामाची न्हाय काय न्हाय. बंद करता येल का?"

"करून दाखव," मी म्हटलं.

त्यानं हातगाडीचा माल टाकला, रकाना मोकळा सोडला, सेव्ह दाबलं. खिडकी आली. त्यानं इतक्या सवयीनं ओके दाबलं, की मलाही ती वाचता आली नाही.