खर्ड्याजवळून बंगळूरला एक ईमेल

त्या एका आठवड्याचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की, आता ऐकणारेच मला मधले तपशील पुरवतात. एक सांगायला घेतला की त्याच्या मागोमाग दुसरा येतो. तरी क्रमानं सांगतो.

नव्वदच्या दशकाची अखेर. दिल्लीत शिकून मी खर्ड्याजवळच्या आमच्या गावी परतलो होतो. गाव जगाला जोडायचं, हे डोक्यात पक्कं! तारेची लाइन नव्हती, म्हणून छतावर अँटेना लावून बिनतारी फोन घेतला आणि त्याला कॉम्प्युटर जोडला. इंटरनेट चालायचं कमी, तुटायचं जास्त. गाव मला ‘इंजिनेर’ म्हणू लागलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी बघितलं नाही.

सोमवारी बाबुराव गवंडी ‘जय भीम’ म्हणत ओसरीवर आले. बरोबर मुलगी सुनंदा. बंगळूरच्या एका संस्थेनं तिला एम.एस्सी.ला घेतलं होतं, पण पत्र उशिरा पोचलेलं. शनिवारपर्यंत ईमेलनं किंवा स्वतः येऊन होकार कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

“नगरला जाऊन पाठवलं तर?” बाबुराव म्हणाले.

“काका, हे पत्र आपल्या गावातूनच जाईल.”

त्यांनी मुलीकडे बघितलं. “दादा म्हनत्यात तर बघू.”

*

इंटरनेट का तुटतं, याचा मंगळवारी शोध लागला. शेजारच्या काशिनाथनानांनी रचलेली कडब्याची गंज बरोब्बर आमच्या अँटेनाच्या समोर आली होती. मी नानांना सिग्नल कसा जातो ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, गंजीकडे बघितलं, मग गोठ्याकडे.

“म्हशीला सांगतो,” नाना म्हणाले. “पोरीचं काम हाय, जरा लौकर खा.”

शेवटी आम्ही दोघांनी मिळून अँटेनाचा खांबच चार हात उंच केला.

*

तरीही लाइन तुटायची. बुधवारी लाइनमन आला. भला माणूस. भर उन्हात खांबावर चढला, अँटेना फिरवली, खाली उतरून तांब्याभर पाणी प्यायला.

“सायेब, ह्याला लाइनच न्हाई ना?”

“नाही. बिनतारी आहे.”

“मग लाइनमन कशाला बोलावला?”

*

खरं कारण गुरुवारी सापडलं, आणि ते माझ्या आईच्या हातात होतं. फोनचा रिसीव्हर ओसरीवर, कॉम्प्युटर आत. फोन नेहमी बंद पडायचा, म्हणून जाता-येता तो उचलून कानाला लावायची आईला सवय. उचलला की आत माझं कनेक्शन तुटायचं.

“जित्ता हाय का बघत हुते,” आई म्हणाली.

एकटी आईच नव्हे. सुनंदाच्या काळजीनं अख्खी गल्ली येऊन तेच करत होती. मी पाटी लावली: ‘फोन उचलू नये.’

दहा मिनिटांत कनेक्शन तुटलं. बाहेर नाना, रिसीव्हर कानाला.

“नाना, पाटी वाचली ना?”

“व्हय, म्हनून तर! पाटी बघून वाटलं, गेला का काय. मग उचलून बघितला.”

*

शुक्रवारभर कॉम्प्युटर ‘पाठवता आलं नाही’ एवढंच सांगत राहिला. शनिवारी दुपारी मी आईलाच रिसीव्हरशेजारी राखणीला बसवलं आणि पुन्हा प्रयत्न केला. पट्टी हळूहळू सरकली, शेवटपर्यंत गेली. पत्र पोचलं!

त्याच वेळी संस्थेची एक ईमेल येऊन पडली. आदल्या दिवशीची होती. ‘आपलं पत्र सहा वेळा मिळालं. कुमारी सुनंदा आज स्वतः येऊन प्रवेश घेऊन गेल्या. कृपया आता पाठवू नये.’

मी तसाच बाबुरावांच्या घरी धावलो. सुनंदा दोन-तीन दिवस दिसली नव्हती, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. दारात सुनंदाची आई गयाबाई तूर निवडत बसली होती.

“मावशी, सुनंदा बंगळूरला गेली?”

“बुधवारच्या एस्टीनं. बापबी गेलाय संगं.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“सुनंदानंच गल्लीला बजावलं हुतं. दादा लई राबतोय, त्याला कळू दिऊ नका, नाराज हुईल.” गयाबाईनं सूप बाजूला ठेवलं, मला बसायला पोतं टाकलं आणि काळजीनं विचारलं, “मग, तुमचं गेलं का?”